त्या विहिरीचा सिनेमा

ती घटना विसरलो, असं नोकरीची सगळी वर्षं मी स्वतःला बजावत आलो. विसरलो नाही. तपास माझा होता आणि त्यात खरं काय निघालं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, माणसं अपुरी आणि वर दुष्काळ. मी तिथल्या एका ठाण्यात फौजदार होतो. बायको पहिल्या बाळंतपणाला मुदखेडला, माहेरी. नांदेडकडे बदली मागितली की साहेब म्हणायचे, "नव्या जिल्ह्यातून माणूस सुटत नाही."

खबर आणली ती हद्दीतल्या एका दारूच्या कंपनीच्या व्यवस्थापकानं. मुरुडच्या बाजारात फोटोचं दुकान असलेला एक माणूस स्वतः काढलेला सिनेमा गावोगाव दाखवतो, त्यात कंपनीचे टँकर कंपनीशेजारच्या गावाच्या विहिरीतून पाणी उपसताना दिसतात आणि ते सगळं खोटं आहे, दुसरीकडचं आहे, अशी त्याची तक्रार होती. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नव्हतं, तेवढं कारण पुरेसं होतं. सकाळीच एसटी स्टँडवर फोटोवाल्याला धरलं. पंचनामा करून प्रोजेक्टर आणि रिळं जप्त केली. जीपमध्ये चढवताना शिपायाच्या हातून प्रोजेक्टर निसटला नि आतला दिवा फुटला. म्हणजे सिनेमा बघायची सोय राहिली नाही.

त्यातच कलेक्टर कचेरीनं अहवाल मागवला. विहीर त्याच गावची असेल तर टँकर बंद, नसेल तर फोटोवाल्यावर गाव भडकवल्याची केस.

चौकशीत मी फोटोवाल्याला दरडावून विचारलं, "काय दाखवलंस रे?"

तो म्हणाला, "मी सांगितलं तर ते माझंच म्हणणं होईल साहेब. ज्यांनी बघितलं त्यांना विचारा."

गावात गेलो. अर्धे पुरुष कंपनीत कामाला. एकजात सगळ्यांचं एकच उत्तर, "त्या टायमाला विडी वढाया गेलतो साहेब."

हवालदार म्हणाला, "अख्खं गाव एकाच विडीला लागलं होतं व्हय रे?" हसू कुणालाच आलं नाही.

बोलल्या त्या बायका. सिनेमात काय काय होतं ते त्यांनी सांगितलं: कंपनीच्या भोंग्यावर उठणारं गाव, शाळेच्या भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर, मग विहिरीत सोडलेला जाड पाइप, मग तळाचा गाळ खरवडणारा पोहरा. त्यातली वयानं मोठी बाई म्हणाली, "समदं रोजचंच हाय की. पर तितं बघितलं आन् पोटात आगच पडली."

मी एकेकीला वेगळं घेऊन विचारलं, सिनेमात विहिरीजवळचा निंब कुठल्या हाताला होता? सगळ्यांनी उजवा हात दाखवला. विहिरीवर गेलो, रस्त्याकडून उभा राहिलो. निंब डाव्या हाताला. विहिरीभोवती उभं राहायला मोकळी जागा तेवढीच. कॅमेराही इथंच लागला असणार.

"बाई, मग ही विहीर तुमची कशी?"

"आमचीच हाय. सोताचं लेकरू उलटं धरलं तरी वळखू येतंय की साहेब! तुमाला न्हाई का लेकरं?"

मी जीपकडे वळलो. ठाण्यात येऊन अहवाल तयार केला: 'साक्षीदारांच्या जबाबात विसंगती, चित्रीकरण अन्यत्रचे असावे.' सही तेवढी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मुद्देमालाला लेबलं लावताना रिळाची पट्टी सहज खिडकीच्या उजेडात धरली. छोट्या छोट्या चौकोनांत विहीर होती. निंब डावीकडे. हातातली पट्टी वळली, निंब उजवीकडे गेला.

मी हवालदाराला विचारलं, "खेळाला बायका कुठं बसतात?"

"पडद्याच्या पलीकडं साहेब. गडीमाणसं म्होरं, बाया मागं. आपल्याकडं तसंच हाय की."

कापडातून चित्र आरपार दिसतं, पण डाव्याचं उजवं होऊन. माझं स्वतःचं बालपण असल्या खेळांत गेलेलं. आई पलीकडे बसायची, आम्ही अलीकडे. तरी हा प्रश्न मला सुचला नव्हता.

दुपारी व्यवस्थापक आला. चहा घेता घेता म्हणाला, "मुदखेडला असतात ना घरचे? नांदेडला शब्द टाकलाय आम्ही."

तो गेल्यावर मी सही केली.

बदलीचा हुकूम आला. मुलीचा चेहरा मी वेळेवर पाहिला. तिकडे टँकर चालू राहिले, विहीर आटली, बायका शिवाराबाहेर पाण्याला जाऊ लागल्या. फोटोवाल्यावर खटला चालला आणि त्यात त्याचं दुकान उठलं. रिळं नंतर नष्ट केली, असं कळलं.

खोटे साक्षीदार मी पुष्कळ पाहिले. पण साक्षीदारानं काय बघितलं यासोबत कुठून बघितलं हे विचारायचं असतं, हे मी त्या केसमध्ये शिकलो आणि पुढं शिपायांना शिकवतही राहिलो. कुठल्या केसमध्ये शिकलो, ते सांगितलं नाही.

तो सिनेमा मी चालताना कधी पाहिलाच नाही. माझ्याकडे आहेत ते उजेडातले थांबलेले चौकोन. एकदा तरी तो पोहरा वर येताना बघावा, त्याचा आवाज ऐकावा असं वाटतं. लातूरला गेलो की जुन्या फोटोवाल्यांकडे विचारतो, कुणाकडे एखादी प्रत राहिली आहे का. नाही म्हणतात. तरी पुढच्या खेपेला पुन्हा विचारतो.

त्या गावात मी अजून गेलेलो नाही. त्या बाया खरं बोलत होत्या आणि ते मला सही करण्याआधी माहीत होतं, हे तिथल्या पारावर उभं राहून सांगणं माझ्याकडून बाकी आहे.