हँडब्रेकचे दोन दात

सात महिन्यांत आमच्या पिकअपच्या मागच्या चाकांचे ब्रेक लायनर दोनदा जळाले. गॅरेजच्या मिस्त्रीने दोन्ही वेळा ड्रम उघडून काळे, काचेसारखे चकचकीत झालेले लायनर माझ्यापुढे धरले आणि एकच निदान केले : हँडब्रेक पुरता न सोडता गाडी चालवली जाते. कोण चालवतो, हे त्याने विचारले नाही. मीही ते शोधण्यात वेळ घालवला नाही. गाडी चालवणारे आम्ही दोघेच होतो आणि त्यांतला एक मी होतो.

मी बावीस वर्षे एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये तपासणीस होतो. दिवसाला दोन हजार पत्र्याचे तुकडे मापून त्यांतले वाकडे बाजूला काढायचे, हे काम. मग देशाने जगाला दारे उघडली आणि कारखान्याने आम्हाला घरचा रस्ता दाखवला. त्याला स्वेच्छानिवृत्ती असे नाव होते. स्वेच्छा कोणाची, ते अर्जात लिहिलेले नव्हते.

घरी आलो तेव्हा घरात जागा नव्हती. बायकोने वारज्याच्या आमच्या तीन खोल्यांतून जेवणाचे डबे सुरू केले होते आणि हिंजवडीतल्या एका संगणक कंपनीत रोज एकशे दहा डबे जात होते. खाणारी बहुतेक मुले विदर्भातली. आमच्या आमटीत गूळ लागतो म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात डबे अर्धे परत पाठवले. बायकोने गूळ बंद केला. मी घरातला माणूस म्हणून माझ्यापुरती एक वाटी वेगळी मागितली, तेव्हा तिने मला एकशे अकरावा डबा दिला.

पिकअप जुनीच घेतलेली होती. तिच्यात सूचना देणारा एकही दिवा नव्हता. तेल संपले तर ती बंद पडून सांगायची. सकाळी सहाला मी ती कात्रजला न्यायचो, दही आणि पनीर आणायला. साडेदहाला डबे भरून ती हिंजवडीला जायची आणि तेव्हा स्टिअरिंगवर मामा असायचे.

मामा फक्त हाकेपुरते, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. हिंजवडीच्याच शेतकरी घरातले. त्यांना नोकरीची गरज नव्हती. त्यांची जमीन ज्यांनी घेतली त्यांनी तिच्यावर काचेची सात मजली इमारत बांधली होती आणि आलेल्या पैशांत मामांच्या मुलांनी तीन मजली घर. त्या घरात गुळगुळीत फरशी होती, त्यामुळे म्हशी विकाव्या लागल्या, आणि म्हशी गेल्यावर मामांना सकाळी उठून करायला काही उरले नाही. आम्हाला गाडी चालवायला माणूस हवा आहे, हे कोणाकडून तरी कळले आणि ते आमच्याकडे आले. आमचे डबे ज्या उपाहारगृहात उतरायचे ते त्यांच्या हिशेबाने भुईमुगाच्या वावरात होते. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी आखलेल्या जागेत ते पिकअप बरोबर तिसऱ्या चौकोनात लावायचे, कारण तिथे पूर्वी त्यांची विहीर होती आणि सावलीची सवय होती. सावली आता इमारतीची होती.

गेटवरचे चारही रखवालदार त्यांच्या भावकीतले. मामांची गाडी आली की आडवा दांडा वर जायचा. एकदा मामा लग्नाला गेले म्हणून डबे मी नेले, तर मला बावन्न मिनिटे उभे केले. नोंदवहीत नाव, गाव, येण्याचे कारण. मी कारण म्हणून ‘जेवण’ लिहिले, तर कोणाचे, असे विचारले. त्या दिवशी एकशे दहा माणसांनी गार भाजी खाल्ली आणि कंपनीने बायकोला लेखी समज दिली : पुन्हा उशीर झाला तर काम दुसऱ्याकडे.

असे हे मामा हँडब्रेक वापरत नसत. गाडी गिअरमध्ये टाकायची, उतरायचे आणि मागच्या चाकाखाली पायाने एक दगड सरकवायचा, ही त्यांची पद्धत. दगड ठरलेला होता. विटेएवढा, एका बाजूने उतरता, आणि तो त्यांच्या सीटखाली प्रवास करायचा. मला हे गावठी वाटे. मी नियमाने हँडब्रेक ओढायचो, सपाटीवर, चढावर, सिग्नलला, अगदी पेट्रोलपंपावरसुद्धा.

बायकोने विचारले, “जो माणूस हँडब्रेक ओढतच नाही, तो सोडायला विसरेल कसा?”

प्रश्न मला बाळबोध वाटला. मी तिला समजावले की कात्रजहून आल्यावर मी तो शिस्तीत ओढून ठेवतो. साडेदहाला मामा बसतात आणि ज्याला ओढायची सवय नाही त्याला सोडायचे भान नसते. ती म्हणाली, “असेल,” आणि कुकरकडे वळली.

पुराव्याशिवाय बोलणे माझ्या स्वभावात नाही. मी एक वही सुरू केली. मामा हिंजवडीहून परत आले की मी मागच्या चाकाशी उकिडवा बसून ड्रमवर तळहात टेकवायचो आणि किती सेकंद ठेवता येतो ते मोजायचो. पहिल्या आठवड्यात नऊ, दहा, दहा, अकरा, नऊ. म्हणजे ड्रम कोमट. यातून मी निष्कर्ष काढला की आपल्यावर नजर आहे हे कळताच मामा काळजी घेऊ लागले आहेत. माझ्या स्वतःच्या फेरीनंतर मी हात लावून पाहिला नाही. बावीस वर्षे मी दुसऱ्यांनी दाबलेले पत्रे मोजले होते; मोजणाऱ्याला कोणी मोजत नाही, ही तिथली रीत.

मामा पायरीवर बसून चहा पीत हे पाहायचे. चाकाला ताप किती आहे, असे एकदा त्यांनी बायकोला विचारले. मला नाही.

लायनर दुसऱ्यांदा जळाले तेव्हा मी त्यांना अंगणात उभे करून सांगितले की गाडीला बझर बसवतोय. हँडब्रेक वर असताना किल्ली फिरवली की तो वाजेल, खाली गेला की थांबेल. त्यानंतरही गाडी ओरडत रस्त्यावर गेली तर दोष कोणाचा, हे उघड होईल.

“आणि वाजला तर?” मामांनी विचारले.

“तर किल्ली ठेवायची आणि घरी जायचं,” मी म्हणालो.

बायको दारात होती. तिच्या हातातले डबे वाजले. मामांनी मान हलवली. “ठरलं. ज्याच्या हातात वाजंल त्यानं किल्ली ठेवायची.” वाक्यात त्यांनी केलेला बदल माझ्या लक्षात आला नाही.

त्या रात्री बायको एवढेच म्हणाली की मामा गेले तर गेटवर नोंदवही लिहायला तुम्ही, आणि गार भाजीचं पत्र घ्यायलाही तुम्ही. मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्वाला एकशे दहा डबे उचलता येतात का ते बघा.

बझर मी बुधवार पेठेतून आणला. दुकानदाराला आवाज किती डेसिबल ते विचारले. त्याने पेपरातून डोके न काढता सांगितले, “वाजला नाही तर परत आणा. ऐकू येत नाही म्हणून आणू नका.” असल्या दुकानदारी वागणुकीवर मी त्या पेठेत चाळीस वर्षे वाढलो आहे, मनावर घेतले नाही.

काम मी स्वतः केले आणि ते चांगले झाले, हे आजही सांगतो. गाडीचे दार उघडले की आतला दिवा लावणारे एक दाबाचे बटन असते. तसले एक घेऊन हँडब्रेकच्या दांड्याखाली पट्टीवर बसवले. दांडा पुरता खाली टेकला की बटन दाबले जाते आणि वीज तुटते. दांडा एक दात जरी वर असला तरी बटन सुटते आणि बझर वाजतो. वीज किल्लीच्या स्विचमधून, मध्ये फ्यूज. एकूण वायर एकशे चाळीस सेंटिमीटर, एकही जोड उघडा नाही. त्याआधी जेवणाच्या टेबलावर बझर बॅटरीला लावून पाहिला होता. मला व्यवस्थित ऐकू आला. बायको दोन खोल्यांपलीकडून कानांवर हात ठेवून आली आणि तो किडा बंद करा म्हणाली. वहीत मी लिहिले : आवाज पुरेसा.

दुसऱ्या दिवशी डबे भरल्यावर मी मामांना शेजारी बसवले. आज गाडी मी चालवतो, नीट बघा, असे सांगितले. हँडब्रेक वर, किल्ली फिरवली : बझर वाजला. इंजिन सुरू केले. मग हँडब्रेक खाली करून गाडी गिअरमध्ये टाकली आणि निघालो. वाटेत ब्रेक ड्रमची रचना, लायनरची जाडी, घर्षणाने उष्णता कशी तयार होते, हे सगळे क्रमाने सांगितले. मामा ऐकत होते. कधी नव्हे ते इतके मन लावून ऐकत होते की मला त्यांच्याबद्दल थोडे बरे वाटू लागले. महामार्गावर एक स्कूटरवाला शेजारी येऊन चाकाकडे बोट दाखवून गेला. कंपनीच्या बसमधून चार तरुण खिडकीला नाक लावून आमच्याकडे पाहून हसले. जुन्या गाडीला हसणारी पिढी, असे मी मामांना म्हणालो. मामांनी हो म्हटले.

सोळा किलोमीटर, एकेचाळीस मिनिटे. गेटवर दांडा वर गेला, पण रखवालदार कानात बोट घालून बाजूला झाला. मी तिसऱ्या चौकोनात गाडी लावली.

या जुन्या डिझेल गाड्या किल्लीने बंद होत नाहीत. खाली एक खुंटी असते, ती ओढली की इंजिन थांबते. किल्ली मात्र चालूच राहते. मी खुंटी ओढली. इंजिनचा खडखडाट थांबला आणि त्या शांततेत, माझ्या गुडघ्याशी, बझर वाजत होता.

मी हँडब्रेककडे पाहिले. दांडा दोन दात वर होता. खाली करताना मी तो हाताच्या झटक्याने सोडतो, ऐटीत, आणि जुनी दातेरी पट्टी त्याला शेवटच्या दोन दातांवर धरून ठेवते. रोज कात्रजला तसाच जात होतो. उतरून मागच्या ड्रमला हात लावला. सेकंद मोजायला सुरुवातही झाली नाही.

प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षे काढलेल्या कानांना डिझेलच्या आवाजातून बारीक सूर ऐकू येत नाही, हे नंतर डॉक्टरने सांगितले. बायको दहा वर्षे तेच सांगत होती. मी तिला स्पष्ट बोलायला शिकवत होतो.

मामा खाली उतरले होते. सवयीने त्यांनी सीटखालून दगड काढून चाकाखाली सरकवला.

“घरापासून वाजत होता?” मी विचारले.

“गल्लीपासून.”

“चूक माझी होती, मामा. आधीची दोन्ही वेळची.”

“ठाव हाय. पहिल्या वेळंलाच ठाव व्हतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही इचारलं कवा? तुम्ही सांगत व्हता.”

मामांनी हात पुढे केला. मला वाटले, माफीचा हात मिळवायचा आहे, म्हणून मीही पुढे केला. त्यांनी मान हलवली. “किल्ली. ठरलं व्हतं.”

मी स्विचमधून किल्ली काढून दिली. बझर थांबला. ते थांबणे मलाही ऐकू आले.

“उद्यापासून दह्याला बी मीच जातो,” मामा म्हणाले, “तुम्ही वैनीला कोथिंबीर निवडा.” मग त्यांनी डब्यांचा पहिला क्रेट उचलला आणि दुसऱ्याकडे नजरेने खूण केली. मी तो उचलला. भुईमुगाच्या वावरातून आम्ही दोघे उपाहारगृहाकडे गेलो. एकशे दहाही डबे गरम होते.

परतताना मी डाव्या बाजूला बसलो. मामांनी किल्ली फिरवली, इंजिन चालू केले, मग हँडब्रेकच्या दांड्यावर तळहात ठेवून तो शेवटपर्यंत दाबला. मी त्यांच्याकडे पाहिले, कारण दुसरा उपाय नव्हता.

“थांबला,” मामा म्हणाले, आणि उतरून चाकाखालचा दगड आणायला गेले.