डॉक्टरांना हवेत मड टायर

टायरच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात, जुने टायर आणि किस्से. जुने टायर निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते माझ्या डोक्यात पडून राहतात आणि आठवले की बीपी वाढवतात. बायको म्हणते, “दुकान बंद करा, गोळी आपोआप बंद होईल!”

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये एकवीस वर्षं झाली दुकानाला. टायर चढवण्या-उतरवण्याचं काम सलीमभाईंचं. तिसरे गद्रेमामा, रेल्वेतून रिटायर झालेले. मामांचं दुकानात काहीच काम नाही, म्हणून ते रोज बरोबर दहाला हजर असतात. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण सल्ला सगळ्या गाड्यांचा देतात.

यंदाचे सगळे किस्से एकाच गिऱ्हाइकाच्या भोवतीचे आहेत. ऐका.

*

मे महिन्यात डॉक्टर अनघा आल्या. गुरांच्या डॉक्टर. वडील बँकेतल्या बदलीने इकडे आले आणि इथलेच झाले. बाईंकडे एक जुना फोर बाय फोर पिकअप आहे, मागे औषधांची पेटी, दोर, बादल्या.

“काका, मड टायर हवेत. चार. स्वस्तातले हवेत, पण फालतू नकोत.”

मड टायर म्हणजे मोठ्या ठोकळ्यांचे, खोल खाचांचे, चिखलात चालणारे. बहुतेक लोक ते टॉवर चौकात आइस्क्रीम खायला जाताना मिरवण्यासाठी घेतात. म्हणून मी विचारलं, कशाला हवेत?

तर म्हणाल्या, “गेल्या पावसाळ्यात एका म्हशीसाठी फोन आला. गाव समोर दिसत होतं आणि गाडी रुतली. चिखलातून चालत पोचले तोवर म्हैस गेली होती. तिच्या मालकिणीने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. पुन्हा तसं नको.”

तेवढ्यात शेजारी पंक्चर काढायला थांबलेले एक गृहस्थ सगळं ऐकूनही म्हणाले, “मैडम, गाड़ी तो भाईसाहब चलाते होंगे?”

बाई म्हणाल्या, “नहीं। भाईसाहब को डर लगता है।”

*

बाईंच्या बजेटमध्ये चांगल्या कंपनीचे दोनच टायर बसत होते. झालं, दुकानात लोकसभा भरली! कोणी म्हणे दोन मागे टाका, कोणी म्हणे दोन आत्ता घ्या, दोन दिवाळीला. दिवाळीला चिखल कुठून आणणार, हे कोणी सांगेना. ज्याला टायर घ्यायचे त्याला बोलू द्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

गद्रेमामांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “हे बघ अनघा, दोन पुढे टाक. ओढायचं काम पुढचेच करतात.”

“मामा, माझ्या गाडीला बैल नाही जुंपलेले.”

मामा दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, “मी विचार केला. मागे टाक.”

*

एक तरुण गिऱ्हाईक आहे, मोबाईल समोर धरूनच दुकानात शिरतो. त्याने बाईंना एका महागड्या टायरचा व्हिडिओ दाखवला. “मैडम, ये देखो, चट्टान पे चढ़ रहा है! सीधा!”

सलीमभाईंनी पाना खाली ठेवला. “भिया, मैडम को चट्टान पे भैंस थोड़ी देखनी है! गारा है उधर, गारा।”

गारा म्हणजे चिखल. आमची माळव्याची काळी माती ज्याने ओली बघितली नाही त्याला हे कळणार नाही. ती टायरच्या खाचांत भरते आणि सुटत नाही. खाचा बुजल्या की महागातला महाग टायरसुद्धा गुळगुळीत होतो. मग चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी खाली जाते. म्हणून सलीमभाईंची स्वतःची परीक्षा आहे. शेतातली माती घमेल्यात कालवायची, पुरणासारखी टायरच्या खाचांत दाबून भरायची, आणि टायर उभा करून दाणकन आपटायचा. माती पडली तर पास.

व्हिडिओवाला टायर माझ्याकडे होता. आपटला. ढिम्म! माती होती तिथेच. मग एका नव्या, फारसं नाव नसलेल्या कंपनीचा टायर घेतला, ज्याच्या खाचा रुंद होत्या. पहिल्याच आपटीला सगळी माती खाली. किंमतही बाईंच्या बजेटमधली, चारही टायर बसत होते. पलीकडचा साडीवाला ओरडत आला, “अंकल, दुकान है कि खेत?” त्याचं बरोबर होतं, त्याच्या पायरीपर्यंत चिखल उडाला होता.

आता सांगा, डोळ्यांसमोर घडलं की नाही? त्या तरुणाने दोन्ही टायरांकडे नीट बघितलं, खाली पडलेली माती बघितली आणि मोबाईल वर केला.

“पर अंकल, रिव्यू तो इसी के अच्छे हैं!”

*

रुंद खाचांचे चार टायर मागवायचं ठरलं. पण बाईंच्या कोणी ओळखीच्याने मध्येच एक विक्रेता पाठवला. इम्पोर्टेड मड टायर, अर्ध्या किमतीत! टेम्पोतून चार टायर उतरवले. काळे कुळकुळीत, चेहरा दिसेल इतके चकचकीत. इतकी चकाकी बघितली की मला आधी वास येतो, पॉलिशचा.

टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते त्यावरून कळतं. सलीमभाईंनी केरोसीनचा बोळा फिरवला. तीन टायरांवरचे आकडे घासून टाकलेले. चौथ्यावर घासायचं राहून गेलं होतं. आकडे वाचले आणि माझं डोकंच फिरलं. बाई कॉलेजात होत्या तेव्हाचा टायर! रबर इतकं कडक, की नखाने वाजवलं तर टकटक आवाज येत होता. असा टायर चिखलात नेला तर रुततो, आणि हायवेवर नेला तर फुटतो. म्हणजे म्हैस वाचायची राहिली बाजूला, डॉक्टरच जायची!

मी आवाज चढवला. साडीवाल्याची गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघायला लागली. तो विक्रेता मात्र शांत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “भाईसाहब, गुस्सा क्यों हो रहे हो? इतने साल में एक किलोमीटर नहीं चला। बिल्कुल नया है!”

*

या सगळ्यात एक दिवस एक ठेकेदार आले. मड टायर घेतले, पण आधी बसवायचे नाहीत. चारही टायर नदीकाठच्या राम घाटावर नेले, त्यांच्या पंडितजींकडून पूजा करवली, कुंकवाची स्वस्तिकं काढून घेतली आणि मग दुकानात आणले. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी स्वतः नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो.

पण हा टायर एकाच दिशेने फिरायचा. कंपनीने अंगावर बाण कोरून दिलेला असतो. पंडितजींनी टायर एकावर एक जसे येत गेले तसे घेतले, आणि ज्या अंगावर बाण उजवीकडे फिरतो त्याच अंगावर चारींना स्वस्तिक काढलं. ठेकेदार म्हणाले, स्वस्तिक बाहेरच दिसायला हवं. मी म्हटलं, तसं केलं तर एका बाजूचे दोन टायर उलटे फिरतील. चिखल बाहेर टाकायचा सोडून आत ओढतील!

“तो पूजा का कोई मतलब नहीं?”

“साहेब, दोन स्वस्तिकं पुसून दुसऱ्या अंगावर काढू. मी काढतो, आंघोळ करून आलोय.”

“पंडितजी का बनाया हुआ मिटाएँगे?”

अर्धा तास वाद! मी बाण दाखवतोय, ते स्वस्तिक दाखवतायत. घशाला कोरड पडली. डॉक्टर बाई टायरची चौकशी करायला आल्या होत्या, त्यासुद्धा समजावून थकल्या. शेवटी ठेकेदारांनी मोठ्या मनाने तडजोड सुचवली.

“ऐसा करो सेठ, वो तीर घिस दो।”

*

बाईंचे टायर आले ते श्रावणात. शनिवारी उशिरा ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरले, रविवारी गोदाम बंद. सोमवारी सकाळी बाईंनी पिकअप आणून लावला. सलीमभाईंनी जुनी चारही चाकं काढून गाडी जॅकवर चढवून ठेवली, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की आज श्रावणी सोमवारची महाकालची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक! गोदाम जुन्या शहरात आणि तिकडचे रस्ते बंद. ही चूक उज्जैनमध्ये जन्मलेल्या माणसाने करावी? पण आम्ही तिघांनी मिळून केली. टायर तीन किलोमीटरवर आणि गाडी चाकांशिवाय उभी. मी सगळ्यांवर चिडलो, स्वतःवर सगळ्यात जास्त.

त्याच दिवशी दुपारी जमिनींचे सौदे करणारे एक भैयाजी दुकानासमोर येऊन थांबले. घाबरले होते. देवास रोडवरून आत त्यांचं फार्महाउस आहे, तिथे हौसेची गीर गाय. गाय अडली होती, वासराचे नुसते पाय दिसत होते. बाई दुकानात आहेत असं कळलं म्हणून धावत आले होते.

आणि आले कशातून? बाईंच्याच जातीच्या पिकअपमधून! मॉडेल तेच, फक्त नवं कोरं. खाली बाजारातले सगळ्यात महाग मड टायर.

बाईंनी पेटी उचलली. “चलिए, आपकी गाड़ी से।”

भैयाजी जागचे हलेनात. “मैडम, अंदर दो किलोमीटर कीचड़ है।”

“इसीलिए तो कह रही हूँ। टायर तो हैं आपके पास।”

“परसों ही पूरी गाड़ी पे कोटिंग करवाई है।”

मी काही बोलणार होतो. जे बोलणार होतो ते लिहिता येत नाही. मामांनी माझा हात दाबला. तिकडे गाय तडफडतेय आणि हा माणूस रंगाचं सांगतोय!

बाई मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी एकदा भैयाजींच्या गाडीकडे बघितलं, एकदा आपल्या. “ठीक है। गाड़ी यहीं रहने दीजिए। चारों पहिए दे दीजिए।”

भैयाजींनी क्षणभर विचार केला आणि चावी सलीमभाईंकडे फेकली. मला वाटलं, आहे, थोडी माणुसकी आहे.

सलीमभाईंनी आयुष्यात एवढ्या घाईने नट फिरवले नसतील. भैयाजींची गाडी लाकडी ठोकळ्यांवर बसली, त्यांची चाकं बाईंच्या पिकअपला लागली, आणि बाई भैयाजींबरोबर आलेल्या फार्महाउसच्या माणसाला शेजारी बसवून गेल्या. भैयाजी गेले नाहीत. ते दुकानात बसले. ठोकळ्यांवरच्या गाडीला कोणी हात लावू नये म्हणून. मामा सारखे रस्त्याकडे बघत होते. मला गेल्या वर्षीची म्हैस आठवत होती.

चार वाजता बाई परत आल्या. कोपरापर्यंत रक्त आणि चिखल, ओढणी कुठेतरी राहिलेली. पिकअपचे टायर काळ्या मातीने माखलेले, गवत अडकलेलं.

“बछड़ी हुई है,” त्या म्हणाल्या. “माँ-बेटी दोनों ठीक हैं।”

सलीमभाईंनी “या अल्लाह” म्हणून कपाळाचा घाम पुसला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू. मी नळाची नळी सोडली, बाईंना हात धुवायला दिली आणि मग चाकांवर पाणी मारायला वळलो.

भैयाजी धावत आले आणि माझ्या हातातली नळी धरली. चाकासमोर उकिडवे बसून त्यांनी तो चिखल डोळे भरून बघितला. खिशातून मोबाईल काढला.

“सेठ, धोना मत! ऐसे के ऐसे ही मेरी गाड़ी में लगा दो।”