दोन तारा आणि अर्थिंगचा खड्डा

पुण्याहून निघालो तेव्हा मांडीवर स्टीलचा डबा होता आणि डब्यात नखाएवढी चकती. चकतीवर दोन तारा, केसाहून हजारो पटींनी बारीक; दुसरी तर पहिलीहूनही बारीक. माझी पुतणी मुक्ता जबलपूरला याच तारांवर संशोधन करते. पुण्यात बनवून कुरिअरने पाठवलेल्या आधीच्या चकत्या हाताळताना लागलेल्या स्थिर विजेने वाटेतच जळल्या होत्या, ही शेवटची. ‘काका, तुम्हीच घेऊन या,’ म्हणाली. अहो, जन्मभर वायरमन होतो मी! तार पोहोचवणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं वाटलं.

इटारसी गेलं, चहा झाला आणि माझे हात शिवशिवायला लागले. तपासल्याशिवाय तार कुणाच्या हवाली करायची नाही, ही आयुष्यभराची सवय. डबा उघडला, तारांची टोकं जोडून ठेवणारी धातूची पन्नी काढली आणि खिशातला मीटर पहिल्या तारेला लावला. आकडा दिसला, नि गायब. मीटरच्या एवढ्याशा करंटनेही तार जळली होती. दुसरीला हात न लावता मी पन्नी मुकाट्याने परत बसवली.

जबलपूरच्या मदन महल स्टेशनवर उतरलो. डिसेंबरचं कोवळं ऊन होतं, घरांच्या मागे काळे गोलसर खडक. ऑटोवाल्याने डब्याकडे पाहून विचारलं, ‘चाचाजी, घर की मिठाई?’

‘तार है, भैया.’

‘इतने बड़े डब्बे में बस एक तार?’

मनात म्हटलं, बाबा रे, आता खरंच एकच.

घरी पोहोचताच मुक्ताने समोर खोये की जलेबी (खव्याची, जाड आणि काळपट) ठेवली. एरवी चार सहज संपवल्या असत्या. आज एकीलाही हात लावला नाही. शेवटी सांगून टाकलं.

‘काहून (का) पण, काका?’ तिचे डोळे भरले. ‘किती महिन्यांपासून वाट पाहून राहिले होते मी!’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तोंड धुऊन आली. ‘चलो. बारीकवाली आहे ना अजून.’

सिव्हिल लाइन्समधल्या प्रयोगशाळेत तिने ती तार यंत्रात ठेवून अतिथंड केली. अशा थंडीत या तारेचा रोध (विजेला होणारा अडथळा) नाहीसा होतो, एवढं मला ठाऊक होतं. पडद्यावरची रेघ खाली आली, पण शून्याच्या वरच थरथरत राहिली.

‘हीपण गेली?’

‘नाही हो. तार इतकी बारीक असली की आतली विजेची लहर मधेच एक फेरा घसरते. कितीही गार करा.’

‘आटे गेलेल्या स्क्रूसारखी?’

‘हो, तशीच!’ ती पहिल्यांदा हसली. ‘त्यानेच थोडा रोध उरतो, तेच मला पकडायचं आहे. पण ही थरथर बाहेरून येत असेल, तर उरलेला रोधही लोक खोटाच म्हणतील.’

‘बाहेरची थरथर जमिनीत उतरवायला अर्थिंग कुठाय तुमचं?’

कुणालाच माहीत नव्हतं! इमारतीमागे पालापाचोळ्याखाली खड्डा सापडला: ठणठणीत कोरडा, क्लॅम्प गंजलेला. वा रे शास्त्रज्ञ! तार गार करायला जिवाचं रान करतात आणि अर्थिंगला तांब्याभर पाणी नाही. वीज बंद करवून मी क्लॅम्प घासून आवळला, मीठ टाकलं, माती वीज घेईल इतकी ओली होईपर्यंत बादल्यांवर बादल्या ओतल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तार गार केली. थरथर गेली होती. उरलेला रोध मात्र जागच्या जागी होता. मुक्ताने तो लगेच पुन्हा एकदा मोजला. मग म्हणाली, ‘अजून पुष्कळदा मोजावं लागेल, काका.’ पण तिचा आनंद लपत नव्हता. त्या दिवशी मी जलेबीचा हिशेब ठेवला नाही.

जबलपूरला जाऊनही संगमरवरी कड्यांचा भेडाघाट पाहायचा राहिलाच. घरी परतल्यापासून सगळे त्यावरून चिडवतात. चिडवोत. हातून एक तार गेली याची रुखरुख आहेच, पण एवढ्या मोठ्या कामात आपल्या मिठापाण्याचाही हात लागला, याचं सुख काही कमी नाही.

परवा मुक्ताने फोटो पाठवला. खड्ड्याभोवती विटांची कड आणि पाटी: ‘हर सोमवार पानी डालें’. खाली निरोप होता, ‘पुढची चकती तयार होऊन राहिली आहे. तुम्हीच आणायची. मीटर घरी ठेवून.’