बंद इंजिनाला लावलेला कान

"गप! बोलतंय."

एवढं म्हणून तो हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. माधवनगर रोडला ज्यांची गाडी कधी बंद पडली असेल त्यांनी हे पाहिलेलं आहे. दुकानातले सगळे श्वास धरून उभे. चहावालासुद्धा कपबशी वाजू द्यायचा नाही. मग मिस्त्री एक डोळा उघडून निकाल द्यायचा.

मेल्यापासून लोक त्याला देवमाणूस म्हणायला लागलेत. म्हणू देत. मी चौथी शिकलेला टॅक्सी ड्रायव्हर, मला गोड लिहिता येत नाही. मी त्याच्यावर सात वर्षं डूख धरून होतो, ते लिहितो.

कान मात्र त्याला होता, ते नाकारत नाही. नळाच्या पाइपाला टोक लावून पाणी कधी येणार ते सांगायचा. कलिंगडाला लावायचा. एकदा शेजाऱ्याच्या गाभण म्हशीच्या पोटाला लावून म्हणाला, "उद्या दुपारच्याला." म्हशीनं त्याला लाथ घातली, पण व्याली दुसऱ्या दिवशी दुपारीच.

माण तालुक्यात दुष्काळी कामं निघाली होती तेव्हाची गोष्ट. मी साहेब लोकांना दहिवडीला न्यायचो. एक दिवस गाडीतला लाल दिवा विझेना. म्हणजे बॅटरी भरत नव्हती. बॅटरी भरतो तो डायनामो, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. पट्टा तर ताठ होता. गाडी मिस्त्रीकडं लावली. त्यानं कान लावला.

"आतनं जळलाय. नवा घाल."

तेवढ्यात माझी बायको जेवणाचा डबा घेऊन आली. ती गिरणीत सूत गुंडाळायच्या मशीनवर होती. तिथली मोटार बंद पडली की फिटर तिच्या शेजारीच खोलून बसायचा, आणि ही बघत राहायची. तिनं वाकून डायनामोचा वास घेतला.

"जळल्याला वास येतोय व्हय ह्याला? आतला कोळसा झिजला आसंल."

मिस्त्रीनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "वैनी, गप. मशीन बोलतंय. बाईमाणसानं चुलीतला कोळसा बघावा."

दुकानात पाच-सहा जण होते. सगळे हसले. मीही हसलो. दात दाखवून हसलो.

तिनं डबा ठेवला आणि चालत घरी गेली.

मी नवा डायनामो घेतला नाही. गाडी ढकलून चालू केली आणि घरी आणली. पान्ह्यानं बोल्ट सोडले, वायरी काढल्या, डायनामो दारात पोत्यावर ठेवला. ती समोर येऊन बसली. मी मागचं झाकण उघडलं. आत कार्बनचे दोन तुकडे असतात, त्यालाच ती कोळसा म्हणत होती. नखाएवढे उरले होते. ते ज्या तांब्याच्या कड्यावर घासतात, ते काळंकुट्ट. तार एकही जळलेली नव्हती.

मी बाजारातून नवे कार्बन आणले. तिनं रॉकेलच्या फडक्यानं तांबं पुसलं, गोधडी शिवायच्या दाभणानं फटींतली काजळी टोकरून काढली. कार्बन बसवून डायनामो बॅटरीला लावून बघितला, तर पोत्यावर गरगर फिरायला लागला. शेजारणीची कोंबडी उडून कौलावर गेली. त्या दिवशी ती तेवढीच हसली.

गाडीत बसवला, इंजिन चालू केलं. ती आत बसून लाल दिव्याकडं बघत होती.

"इझला," म्हणाली. आणि मग, "सांगा जाऊन त्यास्नी."

"सांगतो की."

सांगितलं नाही. त्या पाच-सहा जणांसमोर सांगावं लागलं असतं, आणि त्यात माझे दातही आले असते. त्याऐवजी मी भर दुपारी दोन्ही दिवे लावून त्याच्या दुकानावरून जायला लागलो. बघ म्हटलं, तुझ्या जळक्या डायनामोवर पेटलेत. तो हात वर करून ओरडायचा, "आरं गड्या, दिवं चालू हाईत!" मला वाटायचं, बसलं वर्मी.

संध्याकाळी ती विचारायची, "सांगितलं?"

"दिवे लावून गेलो."

"आवं, दिव्यावनं कुणाला काय कळतंय?"

पुढं तिनं विचारायचं सोडून दिलं.

चार-पाच वर्षांनी मला एक गोष्ट कळली, इतरांच्या आधी. मागून हॉर्न दिला तरी मिस्त्री वळेना. कान गेले होते. तरी टोक टेकवायचा, डोळे मिटायचा, "गप! बोलतंय" म्हणायचा. हाताला जेवढी थरथर लागेल तेवढ्यावर आणि गाडीवाल्याच्या चेहऱ्यावरून निकाल द्यायचा. लोक अजून श्वास धरत होते.

मी गाडी त्याच्याकडं नेली. बॉनेट उघडलं. "बघा मिस्त्री, कसला आवाज येतोय," हातवारे करून म्हटलं. इंजिन मी बंद करून ठेवलं होतं.

त्यानं टोक टेकवलं. हाताला काही लागेना. एक डोळा उघडून त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि डोळा मिटला.

"गप! बोलतंय."

चहावाला फिस्सकन हसला, मग सगळेच. मिस्त्रीनं डोळे उघडले. तोंडांकडं पाहिलं, इंजिनाच्या पंख्याकडं पाहिलं. पंखा उभा होता. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर पुसला आणि आत जाऊन बसला.

मी घरी येऊन रंगवून सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"किती जण हुते?"

"पाच-सहा. जास्तच."

"मंजी आता तुमी दोनदा हसलासा."

ती गेल्या माघात गेली. दहावा झाल्यावर मिस्त्री आला. ओट्यावर बसला. हातात स्क्रू-ड्रायव्हर नव्हता, त्यामुळं हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. माझ्या मनात आलं, सापडलास.

"तिचं बरोबर हुतं," मी म्हटलं.

त्यानं कानामागं हात धरला. "काय?"

"डायनामो जळला नव्हता! कोळसाच हुता!"

"काय म्हंतोस?"

मी उठून उभा राहिलो. "तुमी हसलासा तिला!"

तो पुढं सरकला, माझ्या ओठांकडं बघत. एवढ्या मनापासून तो कुठल्या इंजिनाकडंही वाकला नसेल.

"ती बरोबर हुती आन् मी हसलो!" मी ओरडलो. "मी हसलो तिला!"

समोरच्या दारांत बायका येऊन थांबल्या. मिस्त्रीनं मान हलवली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"व्हय गड्या," म्हणाला. "लय चांगली हुती बाई."

उन्हाळ्यात तोही गेला. दुकानाला फळ्या लागल्यात. राग माझा गेलेला नाही, पण धरायचा कुणावर?

परवा भर दुपारी तिथून जाताना समोरचा ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "म्हाताऱ्या, दिवं चालू हाईत!"

मी गाडी आडवी घातली. खाली उतरलो.

"थांब," म्हटलं. "कुणामुळं चालू हाईत त्ये ऐकून जा."