टाच दुखायची थांबली

माझी शेवटची पोस्टिंग माझ्याच जिल्ह्यात झाली. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. भंडारा जिल्हा तेव्हा अखंड होता. साकोलीच्या पुढे, जंगलाला लागून सरकारी सामानाचा एक डेपो होता आणि त्याच्या पहाऱ्यावर आमची प्लाटून होती. प्लाटूनमधला प्रत्येक जण एकदा फौजेतून पेन्शनवर येऊन पुन्हा भरती झालेला. केस पिकायला लागलेले, पण कवायत अजून पक्की.

पहिल्या नोकरीत मी नर्सिंग असिस्टंट होतो. सत्तरचे जवळजवळ सारे दशक मी पहाडातल्या बटालियनांच्या एम.आय. रूममध्ये, म्हणजे फौजी दवाखान्यात, काढले. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या शाळेतून निघून भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेला मी आमच्या घरातला पहिला माणूस. ते शिक्षण फौजेत कामी आले, आणि फौजेने त्यावर जे चढवले ते आजही कामी येते. दोघांचे उपकार मी मानतो.

डेपोत आम्हाला स्वतंत्र एम.आय. रूम नव्हती. आठवड्यातून दोनदा एक तरुण सिव्हिल डॉक्टर यायचे. बाकीच्या दिवशी एका खोलीत टेबल, स्पिरिट, पट्ट्या आणि मी. सारे मला ‘कंपौंडर’ म्हणत. मी हवालदार होतो, पण त्या खोलीत रँक कोणी विचारत नसे.

सगळ्यात जास्त तक्रार टाचेची. कारण सरळ होते. चाळिशीतली माणसे, वाढलेली पोटे, कडक बूट आणि सिमेंटचा कट्टा. त्यावर उभे राहून पहारा. पहाडातल्या माझ्या आर.एम.ओ. साहेबांनी, बटालियनच्या डॉक्टरांनी, मला एक शिस्त लावली होती. टाच दुखते म्हटल्यावर गोळी काढायची नाही. आधी कुठे दुखते तिथे बोट ठेवायला सांगायचे, मग कधी दुखते ते विचारायचे. टाच एकच असते, दुखणी वेगवेगळी असतात.

हवालदार पटले गोंदियाकडचे. सकाळी खाटेवरून उतरून पहिले पाऊल टाकले की जीव जायचा. दहा-वीस पावले चालले की कमी. बोट टाचेच्या खाली, आतल्या बाजूला. हे तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे. त्यांना उठण्याआधी खाटेवरच टॉवेल पंजाला अडकवून आपल्याकडे ओढायला लावले, पोटरी ताणायला लावली, बुटात मऊ गादी दिली आणि अनवाणी फिरणे बंद केले.

“कंपौंडर, मी का नवरी आहो का, सकाळी सकाळी पाय ताणून बसाले?” ते म्हणायचे.

पण ताणायचे. दोन-अडीच महिन्यांनी सुटले.

लान्स नायक यादवची टाच मागून दुखायची. तिथे गाठ आणि लाली. बूट नवा, मागची कड लाकडासारखी. साकोलीच्या मोच्याकडून ती कड ठोकून मऊ करून घेतली, काही दिवस चपलेची परवानगी काढली. तिसरा एक जण ट्रकवरून उडी मारून आला होता. त्याची टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबली तर तो ओरडलाच. तिथे शेक, मालिश काही करायचे नसते. हाड असते. त्याला सरळ एक्स-रेला भंडाऱ्याला पाठवले. हाडाला चीर निघाली.

चौथा नायक सोमा. हे त्याचे खरे नाव नाही.

सोमा साकोली तालुक्यातलाच. घराणे तलावात मासे धरणाऱ्यांचे. सुट्टीवर गेला की तोही जाळे घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरायचा. पहिल्या नोकरीत बटालियनचा क्रॉस कंट्रीचा धावणारा. हसरा माणूस. मोठी लेक कांता हिचे लग्न ठरले होते, त्या मे महिन्यातले.

हिवाळ्यात तो माझ्याकडे आला होता. टाच जळते म्हणाला. रात्री पांघरूण लागलेले सहन होत नाही, मुंग्या येतात. बोट कुठे ठेवायचे ते त्याला ठरवता येईना. कधी टाचेवर, कधी घोट्याच्या आत. मी दाबून पाहिले, हाड ठीक होते. सकाळच्या पहिल्या पावलाचा त्रास नव्हता. मी त्याला डॉक्टर यायच्या दिवशी ये म्हणालो. त्या आठवड्यात त्याला सुट्टी मिळाली आणि तो गावाला गेला.

परत आला तो हसतच.

“दादा, तुह्या डॉक्टरचं काम नाही आता. मायनं बिब्बा देल्ला.”

आमच्याकडे हा इलाज घरोघरी होता. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, त्याचे तेल उकळू लागले की दुखत्या टाचेवर चटके द्यायचे. दोन माणसे रोग्याला धरून बसतात, कारण मोठमोठे गडी किंचाळून उठतात.

“मले कोणी धरलंच नाही,” सोमा म्हणाला. “मी बसलो, माय चटके देऊन राहिली. हाललोबी नाही. माय म्हणे, फौजेनं पोराले लोखंड केलं. सारा मोहल्ला पाहाले आला.”

“आणि दुखणं?”

“बंद. एकदम बंद. जळजळबी गेली.”

पटले शेजारीच बसले होते. “पाहा कंपौंडर, आम्ही टॉवेल ओढून राहिलो, आन् हा एका बिब्ब्यात मोकळा!”

मी सोमाला बूट काढायला सांगितले. टाचेवर चटक्यांच्या खुणा होत्या. दोन ठिकाणी कातडी खोलवर भाजून जखम झाली होती आणि तिच्यातून पाणी येत होते. त्याच पायाने तो साकोलीच्या स्टँडपासून डेपोपर्यंत बुटात चालत आला होता. मोजा चिकटला होता. तो ओढताना मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. तो पटलेंना कांताच्या लग्नाचे सांगत होता.

हे बरे होणे नव्हते. पण या दुखण्याचे नाव मला सांगता येत नव्हते. मधुमेह असेल असेही वाटले. पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा त्याला पुढे केले.

डॉक्टरांनी लघवीत साखर तपासली. नव्हती. मग त्यांनी दार लावून घेतले आणि कापसाची बारीक वात केली.

“डोळे मिटा. कापूस लागला की ‘लागला’ म्हणा.”

कपाळाला लावला. “लागला.” गुडघ्याला लावला. “लागला.” दोन्ही तळव्यांना आळीपाळीने लावला. सोमा गप्प. टाचेला लावला. गप्प. डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि कापूस मेजावर ठेवून दिला. मग ते नुसते थांबले.

“लागला,” सोमा म्हणाला. थोडे थांबून पुन्हा म्हणाला, “लागला, साहेब.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मग माझे बोट धरून सोमाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे ठेवले. तिथे दोरीसारखी जाड शीर लागत होती. “ही नस,” ते म्हणाले. “आधी सुजली, तेव्हा जळत होतं. आता बधिर झाली. बिब्ब्याने दुखणं गेलं नाही. दुखणं कळणंच गेलं.” त्यांनी सोमाच्या पाठीवरचा एक फिकट चट्टाही दाखवला. तो चट्टा मी अंघोळीच्या हौदावर कितीदा पाहिला होता. तिथेही कापूस कळत नव्हता.

कुष्ठरोग. आमच्या झाडीपट्टीत त्याला महारोग म्हणत, आणि तेही आवाज खाली आणून.

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. तीन औषधांची नवी पद्धत आली आहे, हा बरा होतो, औषध सुरू झाले की लवकरच दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही. सुजलेल्या नसेसाठी वेगळ्या गोळ्या. थोडी जाणीव परत येईलही, खात्री नाही. तोवर दोन्ही पाय सांभाळायचे. रोज तळवा आरशात पाहायचा. अनवाणी जायचे नाही. बसून ड्यूटी. कडक बूट बंद, मऊ कॅनव्हासचे बूट.

सोमाने सारे ऐकून एकच विचारले, “साहेब, मेपर्यंत कोणाले सांगू नका. सोयरीक तुटंल.”

“मी कुणालाच सांगत नसतो,” डॉक्टर म्हणाले. “फक्त तुमच्या सुभेदारांना ड्यूटीपुरतं सांगावं लागेल.”

सुभेदार साहेब राजस्थानचे, कमी बोलणारे. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “नायक सोमा, मेन गेट रजिस्टर. कुर्सी पर. बात यहीं खतम.” आणि त्यांनी ती तिथेच संपवली. पुढेही कधी काढली नाही.

पण प्लाटूनला कारण ठाऊक नव्हते. बिब्ब्याने बरा झालेला, चटक्याला न हललेला माणूस एकाएकी खुर्चीवर बसला. कॅनव्हासचे बूट घालून.

“काहून रे सोमा, सुभेदाराचा जावई झाला का?”

“नवरीचा बाप आहे ना भाऊ. पायाले मेंदी लागली त्याच्या.”

“जय हिंद, कुर्सी नायक!”

सोमा हसून घ्यायचा. संध्याकाळी माझ्याकडे पट्टी बदलायला यायचा तेव्हा हसत नसे. एकदा म्हणाला, “दादा, वीस वर्सं मी कोनाच्या मांगं नाही राहलो. आता गाडीचे नंबर लिवून राहिलो.”

“लग्न होऊन जाऊ दे. मग मीच सांगतो सगळ्यांना.”

“सांगजो,” तो म्हणाला. “पण माह्यासमोर नोको सांगू.”

जखम भरत आली होती. गोळ्या तो नेमाने घ्यायचा.

एप्रिलमध्ये मोहफुले वेचायचा हंगाम. पहाटे फुले गळतात ती दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करतात. वारा नसला तर आग तिथेच विझते. त्या दिवशी वारा होता.

दुपारी टॉवरवरून फोन आला. “टॉवर तीन. पूर्व कुंपणाकडे धूर. पुढे सरकतो आहे.”

सुभेदार साहेबांनी फोन ठेवला. “स्टँड टू! फायर पार्टी, पूरब!”

कुंपणाच्या आत काही अंतरावर गोदामे होती. मधला पट्टा साफ केलेला होता, पण कडेचे गवत वाळून कोळ झालेले. आम्ही ओल्या फांद्या आणि फावडी घेऊन कुंपणाबाहेर धावलो. ज्वाळा कमरेइतक्याच होत्या, पण रांग लांब होती. धुरात शेजारचा माणूस दिसत नव्हता. फांद्या आपटत, बुटांनी निखारे तुडवत आम्ही पुढे सरकत होतो. एका ठिकाणी जुन्या झाडाचा बुंधा आतून पेटला होता आणि आजूबाजूची माती निखाऱ्यांनी भरली होती. पटले तिथे गेले आणि उडी मारून मागे आले. यादव गेला, तोही मागे आला. कडक बुटांतूनही आच लागत होती.

तेवढ्यात गेटकडून सोमा धावत आला. फावडे हातात.

“सरका! कुर्सी नायकाले जागा द्या!”

तो त्या निखाऱ्यांत उभा राहिला आणि माती लोटू लागला. एकटा. पुन्हा पुन्हा. बाकीचे बाजूंनी फांद्या आपटत होते आणि ओरडत होते, “शाबास सोमा! पक्का लोखंडाचा!”

मी रांगेच्या दुसऱ्या टोकाला होतो. ओरडणे ऐकून तिकडे पाहिले. धावत पोचलो तेव्हा मला जळक्या रबराचा वास आला. मी त्याला खांद्याला धरून मागे ओढले.

“सोड दादा, विझून राहिली!”

“सोमा, पाय पाहा.”

त्याने पाहिले. दोन्ही बुटांचे तळवे वितळून गेले होते.  मग एकदम खाली बसला.

आग कुंपणाबाहेरच थांबली. कुंपणाच्या आत एक काडी जळली नाही.

मी बूट कापून काढले. जे निघण्यासारखे नव्हते ते तसेच ठेवले, पाणी ओतले, स्वच्छ कापड गुंडाळले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. दुखणे कमी करायचे इंजेक्शन भरले आणि हातात धरून थांबलो. सोमा म्हणाला, “ते राहू दे. त्याचं काम नाही.” पटले माझ्या मागे उभे होते. त्यांना तेव्हा समजले. त्यांनी हातातली फांदी टाकली आणि सोमाला उचलून गाडीत ठेवायला हात लावला.  नागपूरच्या इस्पितळापर्यंत गाडीत सोमाचे डोके त्यांच्याच मांडीवर होते.

टाचा हाडापर्यंत भाजल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात ताप चढला. उजवा पाय गुडघ्याखाली कापला. विष रक्तात गेले होते. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने विचारले, “आग आत आली का?”

“नाही.”

“लग्न?”

“होईल.”

तो दुसऱ्या दिवशी गेला. तिरंग्यात आणला. तलावाच्या पाळीवर प्लाटूनने सलामी दिली. कागदावर ‘ड्यूटीवर असताना भाजून मृत्यू’ असे लिहिले गेले, आणि ते खरेच होते. सुभेदार साहेबांनी सोमाच्या आईसमोर टोपी काढली. आई म्हणाली, “माहा पोरगा चटक्याले हालत नव्हता, साहेब.” 

कांताचे लग्न पुढच्या उन्हाळ्यात, सोयरीक ठरली होती त्याच घरात झाले. पटलेंनी वऱ्हाडाचे पाय धुवायला पाणी दिले.

हे लिहायचे ठरले तेव्हा मी कांताला विचारले. तिची मुले आता शिकती आहेत. ती म्हणाली, “लिवा काका. आता या बिमारीच्या गोया सरकारी दवाखान्यात फुकट भेटतात. बाबाचं नाव नोका लिवू, पण लिवा.”

मी आता शहापूरला राहतो. गावातली माणसे टाच दुखते म्हणून अजून येतात. मी बोट ठेवायला सांगतो, कधी दुखते ते विचारतो. बहुतेकांना टॉवेल, मऊ चप्पल आणि धीर पुरतो. काहींना भंडाऱ्याला पाठवतो. पण कोणी म्हणाले की आधी जळत होते, आता आपोआप बरे झाले, तर मी कापसाची वात करतो आणि डोळे मिटायला सांगतो. कापूस लावतो. मग हात मागे घेऊन थोडा वेळ नुसता बसतो.

तेव्हा, कापूस लागलेला नसताना, समोरचा गप्प राहिला तर मला बरे वाटते. न लावताच कोणी ‘लागला’ म्हणाले, की माझ्यासमोर नायक सोमा बसलेला असतो.