बैलांच्या शिंगांवरचे सरकारी नंबर

भर दिवसा, पूर्ण शुद्धीत, गावातल्या बावीस बैलांच्या शिंगांवर सरकारी नंबर टाकणारा माणूस कधी बघितलाय तुम्ही? नसेल तर बघून घ्या, तुमच्यासमोर बसलाय. चहा घ्या, सांगतो सगळं. हसा खुशाल, पण आमच्या घरी आलात तर हा विषय काढू नका. तिथं अजून कुणाला हसू येत नाही.

मी साधा सरकारी कारकून. घर हुबळीत, देशपांडे नगरात. नोकरी अळणावरच्या पुढं, एका सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या शेतावर. म्हणजे सकाळी हुबळीहून धारवाड, धारवाडला दुसरी बस, आणि उतरल्यावर अर्धा तास पायी. दुपारी एक वाजता मी डबा उघडायचो, तेव्हा भाकरी वाळून कडक झालेली आणि आमटी दगडासारखी गार. असं एक नाही, दोन नाही, सहा वर्षं.

आणि एके दिवशी वरून हुकूम आला. सरकारी संस्थांच्या ताब्यातल्या सगळ्या शेतजमिनी आता कृषी खात्याकडे द्यायच्या. संस्थांनी शिकवावं, शेती खात्यानं बघावी. कुणाला तरी हे सुचायला इतकी वर्षं का लागली, ते विचारू नका. मला मात्र त्यात एकच दिसलं. शेत गेलं की माझी तिथली खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली की माझी बदली.

बदलीचा कागद आलासुद्धा! हुबळीच्या कार्यालयात. घरापासून चालत सात मिनिटं, रस्त्यात सिग्नल लागला तर आठ. बायकोनं कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "म्हणजे दुपारी घरी जेवायला याल?"

"रोज," मी म्हटलं.

तिनं शेजारच्या अक्कांना सांगितलं, भावाला फोन केला, आणि गरम गरम भाकरी थेट ताटात वाढायची म्हणून नवा तवा आणला. तव्यापर्यंत गोष्ट गेली म्हटल्यावर तुम्हीच समजा.

अट एवढीच होती. शेताचं हस्तांतर पुरं झालं आणि कृषी खात्याच्या मॅडमनी सही केली, की मला सोडणार. आणि सही कधी? तर रजिस्टरात जेवढ्या वस्तू तेवढ्याच शेतात सापडल्या पाहिजेत. एक कमी नाही, एक जास्त नाही. खात्याचं पत्रही आलं, की प्रत्येक वस्तूवर तिचा रजिस्टरातला नंबर रंगवलेला असावा.

आता नंबर कोण रंगवणार? पेंटर मंजूर नव्हता. पण मला काय पेंटर लागतो? माझं अक्षर, उगाच सांगत नाही, शाळेत असताना फळ्यावरचा सुविचार कायम माझ्याकडे असायचा. ऑफिसातल्या दारांवरच्या पाट्या मी लिहिलेल्या. माझा आठ बघून एका साहेबांनी "वा" म्हटलं होतं, आणि ते साहेब कशालाच वा म्हणत नसत.

मग मी पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा आणला आणि बाह्या वर केल्या. पंपाला एक नंबर. नांगराला दोन. शिडी, कुळव, फवारणीचा पंप, पाय मोडलेलं टेबल. टेबलाचा मोडका पाय वेगळा पडला होता, त्यालाही मी टेबलाचाच नंबर दिला, कारण नंतर गोंधळ नको. असं करत त्रेचाळीसपर्यंत आलो. राहिले दोन, आणि ते दोघे गोठ्यात उभे राहून माझ्याकडे बघत होते.

यल्लाप्पा म्हणून आमचा शेतावरचा कायमचा गडी. तो म्हणाला, "साहेब, बैलाला नंबर? त्यो काय टेबल हाय?"

"रजिस्टरात आहे ना? मग नंबर पाहिजे."

"अंगावर लिवला तर केसासंगट जातोय बगा. शिंगावर लिवा. न्हाईतरी उद्या कारहुणवी हाय, शिंगं रंगवायचीच हाईत."

त्यानं शिंगं लाल रंगवली, मी त्यावर पांढऱ्यानं चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस लिहिले. काय उठून दिसत होते म्हणता! मी चार पावलं मागं जाऊन बघितलं, मग आणखी चार पावलं मागं जाऊन बघितलं.

दुसऱ्या दिवशी कारहुणवी, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळाच, आणि त्याच दिवशी अकरा वाजता मॅडम हस्तांतराला येणार होत्या. सणाची सुट्टी गावाला असते, सरकारी यादीत नसते. आता तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्याकडे कारहुणवीला बैलांना धुऊन रंगवतात, सजवतात, आणि संध्याकाळी कर तोडतात. वेशीत उंचावर लिंबाच्या डहाळ्यांचं तोरण बांधायचं, ती कर. सगळ्यांनी बैल पळवत आणायचे आणि ज्याचा बैल पहिला कर तोडेल त्याची वर्षभर गावात मान वर. पांढरा बैल पहिला आला तर भात-जोंधळा चांगला पिकणार, तांबडा आला तर मिरची. हे गाव हवामानाच्या अंदाजापेक्षा बैलाच्या रंगावर जास्त विश्वास ठेवतं, आणि खरं सांगायचं तर मीही ठेवतो.

बैल धुवायला पाण्यात उतरवायची सोय एकाच ठिकाणी, आमच्या शेतातल्या तळ्यावर. त्यामुळे सकाळी नऊला सगळं गाव बैलांसकट आमच्या फाटकातून आत. पुढे परसू अण्णा. अण्णा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. त्यांनी मान हलवल्याशिवाय गावात लग्नाची तारीखसुद्धा ठरत नाही.

अण्णांनी आमच्या बैलांची शिंगं बघितली. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"ह्यो कसला नंबर म्हणायचा, साहेब?"

आता मी साधं सांगायला काय हरकत होती? हे संस्थेचे बैल आहेत, यादीसाठी नंबर टाकलाय, झालं. पण हातात ब्रश, समोर सगळं गाव, आणि 'साहेब' म्हणून हाक. मी म्हटलं, "सरकारी नोंद आहे. कृषी खात्याकडे जाणार."

बस. इथं चुकलं.

अण्णांनी मागं वळून बघितलं. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांकडे बघितलं. झालं होतं असं, की मागं एकदा सरकारी माणसं येऊन घरांवर नंबर टाकून गेली होती, आणि ज्यांच्या घरावर नंबर नव्हता त्यांना नळ मिळाला नाही. ते बिननळाचे लोक अजून पाण्याला विहिरीवर जातात. त्या दिवसापासून हे गाव सरकारी नंबर सोडत नाही.

"मग आमच्या बैलावर पण टाका की," अण्णा म्हणाले.

"तसं चालत नाही, अण्णा. यात तुम्हाला काही मिळणार नाही."

"त्या घरनंबरवाल्यानं पण हेच म्हटलं हुतं."

मी नाहीच म्हणणार होतो. देवाशपथ. पण अण्णा शिंगाजवळ वाकून म्हणाले, "अक्षर बगा की वो ह्येंचं. छापल्यागत हाय."

आता काय बोलणार माणूस? म्हटलं सणाचा दिवस आहे, नाहीतरी रंग लावायचाच आहे, एका बैलावर काढला तर काय बिघडतंय. अण्णांच्या एका बैलाच्या शिंगावर शेहेचाळीस काढला. मन लावून काढला.

वर बघितलं तर रांग लागलेली. आणि रांग लागली की सरकारी माणसाला काही तरी होतं, त्याला थांबता येत नाही. मी यल्लाप्पाला स्टूल आणायला सांगितलं. मध्ये कुणी घुसलं की "नंबरानं या" म्हणून ओरडलो. एका म्हाताऱ्यानं म्हैस आणली, तिला परत पाठवली; एका बाईनं शेळी आणली, तिला म्हटलं शिंग अपुरं पडतं. कुणीतरी चहा आणून दिला. अण्णांचा दुसरा बैल, पांढराशुभ्र, सत्तावन्न नंबरला आला. शेवटच्या बैलावर मी सदुसष्ट लिहिला तेव्हा माझा हात दुखत होता आणि छाती भरून आली होती.

तेवढ्यात मॅडमची जीप आली.

मॅडम वयानं लहान, माहेर खानापूरकडचं, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायच्या. आवाज कधी चढवत नसत, आणि तेच वाईट. त्यांनी पंप बघितला, नांगर बघितला, टेबल आणि टेबलाचा पाय दोन्ही बघितलं. पंचेचाळीसपर्यंत टिकमार्क झाला. पेनाचं टोपण काढून सहीला वाकल्या, आणि पेन हवेतच राहिलं.

"अहो कुलकर्णी, हे शेहेचाळीस काय आहे?"

"ते गावचं आहे, मॅडम."

"गावच्या बैलावर आपला नंबर कसा?"

"सणाचं म्हणून..."

"अक्षर तुमचंच दिसतंय."

तशा परिस्थितीतसुद्धा मला बरं वाटलं, काय करू?

मॅडमनी सदुसष्टपर्यंत सगळी शिंगं शांतपणे वाचली. मग म्हणाल्या, "मी आज सही केली आणि उद्या कुणी विचारलं, की नंबर सदुसष्टपर्यंत आहेत आणि रजिस्टर पंचेचाळीसला संपतं, मधले बावीस बैल कुठं गेले, तर मी काय सांगू? एक तर हे बैल रजिस्टरात चढवा, नाही तर शिंगं खरवडून कोरी करून दाखवा."

रजिस्टरात चढवले तर गावानं मला तळ्यात बुडवला असता. मी धावत अण्णांकडे गेलो. हात जोडले. बदली सांगितली, गार आमटी सांगितली, तवासुद्धा सांगितला.

अण्णांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण म्हणाले, "साहेब, रंगवलेलं शिंग कर तोडायच्या आदी खरवडायचं? मला ह्या गावात ऱ्हायाचं हाय. सांजचं कर तुटू दे, मग काय पायजे ते करा."

मॅडम संध्याकाळपर्यंत थांबल्या, हे त्यांचे उपकार. कर तोडायला सगळं गाव वेशीत उभं. हलगी वाजली, धुरळा उडाला, आणि धुरळ्यातून पहिला बाहेर आला तो अण्णांचा पांढरा बैल. शिंगावर डहाळी अडकलेली आणि डहाळीखाली माझा सत्तावन्न.

लोकांनी आरडाओरडा केला, पण एक म्हातारे आजोबा विचारात पडले. बैल पांढरा खरा, पण नंबर सरकारी, मग यंदा पिकणार काय? शेवटी तेच म्हणाले, "सरकारचा बैल पुढं आलाय. यंदा कागद लई पिकणार."

मी अण्णांकडे गेलो. "अण्णा, आता खरवडूया?"

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देवळाचा कळस उतरवायला सांगितला. "सत्तावन्न नंबरानं कर तोडलीय, साहेब. त्यो आता फुडच्या कारहुणवीपर्यंत हालत न्हाई." आणि अण्णांचा नंबर हालत नाही म्हटल्यावर बाकीच्यांचेही हालेनात. कुणास ठाऊक, कुणाचा नंबर कधी उपयोगी पडेल.

मॅडमनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून शेरा लिहिला. नंबर असलेले जादा बैल बावीस. शिंगं कोरी झाल्यावर हस्तांतर पूर्ण समजावे. तोवर कुलकर्णी यांनी जागेवर राहून दर महिन्याला अहवाल द्यावा.

हुबळीच्या खुर्चीवर दुसराच कुणी आला. त्याचं घर नवनगरात, म्हणजे त्याला ती खुर्ची लांबच पडत होती. मला फार राग आला. बायको तिसऱ्या दिवशी डबा हातात देताना म्हणाली, "बैलांना तरी दुपारी गरम मिळतं का?"

मग वर्षभर मी दर महिन्याला घरोघर गोठ्यात जाऊन शिंगं वाचली आणि अहवाल पाठवला, की नंबर जागेवर आहेत. रंग इतका चांगला बसला होता की पावसानंही काही झालं नाही. पाऊस मात्र त्या वर्षी छान झाला आणि भात भरपूर आलं. गावानं त्याचं श्रेय कुणाला दिलं असेल? बैलाला नाही. नंबराला.

पुढची कारहुणवी आली. आमच्याकडे सणाच्या आधी शिंगं तासून साफ करतात, नवा रंग बसावा म्हणून. त्याच दिवसाची मी वाट बघत होतो. मॅडमना कळवलं, अकरा वाजता या, बावीसच्या बावीस कोरी दाखवतो. हुबळीची खुर्ची पुन्हा रिकामी झाली होती. बायकोनं तवा घासून ठेवला होता, मात्र शेजारी कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी गाव तळ्यावर आलं. मी आधीच हात जोडून सांगितलं, की मॅडम जाईपर्यंत कुणी रंगाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी मान डोलावली. फार चांगली माणसं आहेत ती, मी त्यांना कधीच दोष दिला नाही. बावीस बैल कोऱ्या शिंगांनी रांगेत उभे राहिले. मला रडू येईल असं वाटलं.

अकरा वाजले. जीप आली नाही. सव्वाअकरा झाले.

"साहेब," अण्णा हळूच म्हणाले, "ह्यो एकच. सत्तावन्न तेवढा टाकू? मागल्या बाजूला उभा करतो, मॅडमला दिसत न्हाई."

"नाही म्हणजे नाही, अण्णा. मी ब्रशला हात लावणार नाही."

"तुमी नका की लावू. यल्लाप्पा लिवतोय."

मी तोंड फिरवलं. पण माणूस किती वेळ तोंड फिरवून उभा राहणार? वळून बघितलं, तर यल्लाप्पाचा पाच पोटावर आडवा पडलेला आणि सात कुठल्या कुठं, शिंगाच्या टोकाला लोंबत होता. वर्षभर जपलेल्या नंबराची ही दशा. मला बघवेना. म्हटलं, आण इकडे, एवढा एक नीट करतो आणि लगेच बाजूला होतो.

तो झाला, तर शेजारचा शेतकरी आपला बैल घेऊन पुढं सरकून उभा राहिला. नुसता उभा राहिला. त्याच्या मागं आणखी एक.

फाटकातून जीप आत आली तेव्हा माझ्यासमोर एकोणसाठ नंबरचा बैल होता. पाच लिहून झाला होता, नऊ अर्धा. मॅडम खाली उतरल्या, रांगेजवळ आल्या, माझ्या पाठीमागं येऊन थांबल्या.

मी आधी नऊ पुरा केला, आणि मग वळून त्यांना नमस्कार केला.