काकांनी कंटेनर धुतला

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगते. बोईसरच्या एमआयडीसीतल्या रंगाच्या एका कारखान्यात मी कम्प्युटरचं बघते. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, सातपाटीचे काका, महिन्याभरात निवृत्त होणार होते. रिअॅक्टरमध्ये, म्हणजे रंग शिजवायच्या मोठ्या भांड्यात, लाल रंगाची छटा बरोबर यायची ती त्यांच्याच हातून. ते गेले की तो हातही जाणार, म्हणून जुन्या लिनक्स मशीनवर मी कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम बाकीच्या मशीनपासून वेगळा चालवायच्या एका डब्यात, एक प्रोग्रॅम बसवला. काकांनी प्रत्येक बॅचचं तापमान, वेळ आणि शेरा त्यात भरायचा.

तीन दिवस रोज सकाळी बघते, तर सगळं कोरं. माझं डोकंच फिरलं. चौथ्या दिवशी पाळी सुटताना काकांच्या मागे जाऊन उभी राहिले. प्रोग्रॅम अडकलाच तर असावं म्हणून मी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या होत्या, जुना कंटेनर काढायची आणि नवा सुरू करायची. काका चष्मा लावून एकेक अक्षर शोधत त्याच टाइप करत होते.

"काका, हे काय करताय?"

"बॅच संपली. धुवायला नको? दुसऱ्या पाळीला घाण रिअॅक्टर कदी दिला नाय मी."

तोंडापर्यंत आलेला राग गिळला. त्यांचं काय चुकलं? कंटेनर काढून टाकण्यासाठीच असतो, आणि तो काढला की आतल्या नोंदीही त्याच्याबरोबर जातात. जपायचं ते त्याच्या पोटात ठेवणारी दीडशहाणी मीच.

तिथेच बसून व्हॉल्यूम जोडला, म्हणजे कंटेनरच्या बाहेर, मशीनच्या डिस्कवर राखलेली जागा. "आता रिअॅक्टर खुशाल धुवा," मी म्हटलं, "माल बाहेरच्या टाकीत जातोय."

"बगू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅच भरली आणि मला बोलावून माझ्यासमोर कंटेनर काढला. नवा सुरू केला, आणि नोंद जशीच्या तशी! मी चक्क टाळ्या पिटल्या. पलीकडचा फिटर "क्या हुआ" म्हणत डोकावून गेला.

काका हसले नाहीत. त्यांनी आणखी दोनदा काढला, दोनदा सुरू केला. नोंद होती तिथेच होती. मग खुर्ची ओढून ते माझ्याशेजारी बसले.

"शेऱ्यात आतापर्यंत नुसतं 'ठीक' लिवलं. म्हटलं, मी गेलो की हे बी धुवून टाकतील." त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "थर्मामीटर नंतर, आदी कान. उकळीचा आवाज जड झाला की आकडा यायच्या आदीच वाफ बंद करतो मी. हे कुणाला सांगितलेलं नाय. लिव, पोरी."

मी लिहायला लागले. जेवणाची सुट्टी होऊन गेली, तरी काका सांगतच होते.